आप्पांचं मरतानाचं वाक्य

आमच्या गल्लीत एक माणूस आठवड्यातून तीन-चार वेळा मरतो.

मरायची त्यांची जागा ठरलेली आहे. तानूआक्काच्या घराच्या सोप्यात आम्ही पाच-सहा बायका बिड्या वळायला बसतो. सोप्याला लागून दगडी कट्टा आहे. फौजी आप्पा तिथं येतात, चष्मा काढून मालनच्या हातात देतात, डावा हात छातीवर धरतात आणि हळूहळू घसरत कट्ट्यावर आडवे होतात. आडवं होता होता काहीतरी पुटपुटतात. मग एक डोळा उघडून विचारतात, “खरं वाटलं?”

“न्हाय,” मालन सांगते. तिची बिडी काही थांबत नाही.

“का न्हाय?”

“मरणारा माणूस धोतर सावरत मरतोय व्हय?”

आप्पा उठतात, धोतर सोडून देतात आणि पुन्हा मरतात. एकदा ते कट्ट्यावर न मरता आमच्या भिजवलेल्या पानांच्या फडक्यावरच मेले. मालन खेकसली, “आप्पा, जरा तिकडं सरकून मरा की, पानं चुरगळत्यात!”

आप्पा ताडकन उठून बसले. राग आला असेल असं वाटून मी मान खाली घातली. पण त्यांनी खिशातून वही काढली आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. पुढं त्यांच्या नाटकात किल्ल्याच्या तटावर एक शिपाई बाण लागून दुसऱ्याच्या अंगावर कोसळतो, तेव्हा दुसरा ओरडतो, “तिकडं सरकून पड की रं, माझी ढाल खाली गावलीया!” आणि मग त्याच्या ध्यानात येतं की पडलेला मेला आहे. तालमीत हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मालन हसली आणि हसता हसता मध्येच गप्प झाली.

आप्पांचं नाव मारुती. तरणे असताना पलटणीत होते, म्हणून सगळं गाव फौजी आप्पा म्हणतं. आमचं गाव निपाणीपासून दोन कोसांवर आहे. इथल्या बायकांच्या हाताला तंबाखूचा वास असतो आणि घराघरातला एखादा तरी फौजेत जातो. पेन्शन घेऊन आलेले बाकीचे म्हातारे पारावर बसून लढाईच्या गोष्टी सांगतात. आप्पा एकही गोष्ट सांगत नाहीत. ते नाटकं लिहितात. सगळी लढाईची, पण खऱ्या राजांची नाहीत. धवळगड नावाचा किल्ला त्यांनी मनानंच बांधला आहे. त्यांचे सगळे शिपाई, सरदार आणि एक म्हातारी राणी त्या किल्ल्यात राहतात. बायको वारली आहे, मुलगी बेळगावात नांदते. आप्पा एकटेच असतात, म्हणजे धवळगडावर.

आमच्या भागात यात्रेला गावातलीच माणसं नाटक बसवतात. आप्पांनी सात नाटकं लिहिली, त्यातली दोनच स्टेजवर आली. कारण त्यांचे शिपाई शिपायांसारखे बोलत नाहीत, असं गावाचं म्हणणं. आणि बाकीच्या नाटकांतले शिपाई माणसांसारखे बोलत नाहीत, असं आप्पांचं.

“‘मी सरदार अमुकराव, गडाचा रखवालदार!’ असं कोण सांगतंय गं?” ते विचारायचे. “समोरच्याला दिसतंय की त्यो कोण हाय ते. मालन, तू तुझ्या नवऱ्याला रोज सांगतीस व्हय, मी मालन, तुमची बायको म्हणून?”

“सांगावं लागंल एक दिवस. तेच्या ध्यानात ऱ्हात न्हाय.”

तेही वाक्य वहीत गेलं.

आमच्याकडेच ते का यायचे, याचं कारण त्यांनी एकदा सांगितलं होतं. ज्याचे हात गुंतलेत तो माणूस खोटं बोलत नाही, असं त्यांचं मत. “लढाईत हात रिकामे नसत्यात. तुमचे बी नसत्यात. पान, तंबाखू, दोरा. हात आपल्या कामात, आणि तोंड सैल. पारावरच्या म्हाताऱ्यांचे हात रिकामे, म्हणून त्येंची तोंडं बघा, कशी सुटल्यात.” त्यामुळं धवळगडाची सगळी फौज आमच्या सोप्यातलं बोलते. सेनापतीला मालनची जीभ आहे. दोन बुरुजांवरचे दोन पहारेकरी दोन जावांसारखे भांडतात. वेढा पडलेला असताना त्यांचं भांडण कशावरून, तर घोंगडं कुणी ओलं केलं यावरून.

एकदा त्यांनी मालनला विचारलं, “तुझी सासू भांडायला अंगावर येती, तवा तू पयला शबूद काय बोलतीस?”

“काय बोलायचं? ‘या’ म्हणते.”

आप्पा किती तरी वेळ तिच्याकडं बघत राहिले. त्यांच्या दुसऱ्या नाटकात शत्रू दरवाजा फोडून आत येतो. म्हातारी राणी चौकात एकटी बसलेली असते. आधी ह्या जागी दीड पान भाषण होतं. ते सगळं खोडून त्यांनी तिथं एकच शब्द ठेवला. “या.” नाटक बघताना माझ्या अंगावर काटा आला होता. मालन मात्र शेजारणीला सांगत सुटली, “माझा हाय त्यो डायलॉग.”

आता माझा यात काय संबंध, तर आप्पांचा हात अलीकडं कापतो. माझं शिक्षण चौथीपर्यंतच झालं, पण अक्षर बरं आहे. त्यामुळं नकला मी काढते. नक्कल म्हणजे एकेका नटाची तेवढीच वाक्यं वेगळी लिहून द्यायची. आप्पा सांगायचे, मी लिहायची. बोलायचं काही नसायचं, म्हणून मला ते काम आवडायचं.

नटांना तयार करायची त्यांची पद्धत गावभर चेष्टेचा विषय होती. नटाला ते देवळापासून मळ्यातल्या विहिरीपर्यंत पळवायचे आणि परत आला की दम खाऊ द्यायचे नाहीत. “हां, आता बोल!” जेवढे शब्द बाहेर पडतील तेवढे ठेवायचे, बाकीचे खोडायचे. भज्यांचं हॉटेल चालवणारा भरमू यंदाचा मुख्य नट. अंगानं भरलेला. तो विहिरीवरून आला आणि खांबाला धरून उभा राहिला. पाच ओळींचं वाक्य होतं. त्याच्या तोंडून फक्त “पाणी” एवढंच निघालं.

“सुशे, लिव,” आप्पा मला म्हणाले. “पाणी. बाकीचं काढून टाक.”

“आप्पा, माझं सगळं वाक्य गेलं की!” भरमू कळवळला.

“तुजं न्हवतंच ते. तुजं एवढंच हुतं.”

यंदाचं नाटक भिवा नावाच्या शिपायाचं. तो कुणी मोठा नाही, सरदार नाही. गडाच्या पायथ्याला लढतो आणि शेवटच्या प्रवेशात मित्राच्या मांडीवर मरतो. त्याची नक्कल मी काढत होते. शेवटचं पान आलं. आप्पा सांगताना थांबले. मग भिंतीकडं बघत म्हणाले, “लिव. भिवा. जोड्याचा बंद सैल कर रं. पाय आवळतोय.”

मी लिहिलं.

“मित्र. बोलू नको. पडदा.”

मी वर बघितलं. एवढंच? पण विचारलं नाही.

मेंबरनी मात्र विचारलं. यात्रेचं सगळं पंचायतीचे मेंबर बघतात. रविवारी देवळाच्या मंडपात तालीम होती. मी उरलेल्या नकला द्यायला गेले होते आणि खांबाच्या मागं उभी होते.

“आप्पा,” मेंबर म्हणाले, “यात्रेला पाच गावचं लोक येतंय. हिरो मरतोय, आणि बोलतोय काय, तर जोड्याचा बंद? लोक हसतील की वो.”

“हसू देत.”

“हसू देत कसं? मरताना काय तरी मातीबद्दल, काय तरी आईबद्दल…”

“आईबद्दल?” आप्पांचा आवाज एकदम चढला. “काय आईबद्दल? कोण बोलतंय आईबद्दल? तुमी कितीजण बघितलासा मरताना?”

भरमूनं हळूच तोंड घातलं. “आप्पा, माती नको, आई नको. पण मला एक टाळी तरी ठेवा की. वर्षभर भजी तळतोय मी.”

“मरताना टाळी कशाला रं तुला?”

“मेल्यावर मिळत न्हाय म्हणून तर.”

सगळे हसले, आप्पा हसले नाहीत. ते म्हणाले, “ही एक ओळ बदललासा तर नाटक माजं न्हवं. वही घेऊन घरला जातो.” यात्रा दहा दिवसांवर आली होती. मेंबरनी हात जोडले. ओळ राहिली.

परत येताना आप्पा माझ्यापुढं चालत होते. घरी जायचा सरळ रस्ता शाळेवरून आहे. आप्पा कधी तिकडून जात नाहीत. ओढ्याच्या कडेनं लांबचा फेरा मारून जातात. गाव म्हणतं, फौजीला चालायची खाज. मी मागं मागं निघाले होते. ओढ्याजवळ ते थांबले आणि न वळताच म्हणाले, “सुशे, ती ओळ मी लिवलेली न्हवं. ऐकलेली हाय.”

आणि मग त्यांनी सांगितलं.

तानूआक्काचा एकुलता एक मुलगा किसन आणि आप्पा एकाच वर्षी भरती झाले, एकाच पलटणीत होते. बर्फाच्या मुलखात लढताना किसन गेला, तेव्हा त्याचं डोकं आप्पांच्या मांडीवर होतं. हे गावातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. किसन मरताना काय बोलला, तेही सगळ्यांना ठाऊक आहे, कारण ते शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं आहे. ‘माते, अश्रू ढाळू नकोस. तुझ्या दुधाचे ऋण मी आज फेडले.’ दर पंधरा ऑगस्टला तानूआक्काला शाळेत खुर्चीवर बसवतात, नारळ देतात आणि मेंबर माईकवर ते वाक्य म्हणतात. त्या दिवशी आप्पा नेमके बेळगावला लेकीकडं गेलेले असतात. हे इतकी वर्षं मी बघितलं होतं आणि माझ्या डोक्यात काही आलं नव्हतं.

“त्येनं ते म्हटलंच न्हाय,” आप्पा म्हणाले. “त्यो म्हणला, बुटाची नाडी सैल कर रं, पाय आवळतोय. एवढंच. मग गेला. मी रजेवर त्येचं सामान घेऊन आलो. दोन दिवस रेल्वेत. आक्काला काय सांगू? लेक तुजा नाडीचं बोलत मेला म्हणून सांगू? मग ल्हानपणी यात्रेत बघितलेल्या नाटकातलं काय काय आठवून जुळवलो. पाठ केलो. सोप्यात हुबा ऱ्हाऊन बोललो. सगळं गाव रडलं.” त्यांनी एक खडा पायानं ओढ्यात ढकलला. “माजं पयलं नाटक ते. लई चाललं.”

ओढ्यात पाणी नव्हतंच, तरी मी तिकडंच बघत राहिले.

“आता आक्काचं किती दीस ऱ्हायलं? तिला खरं ऐकू दे एकदा. माज्या तोंडातनं निघत न्हाय गं. भरमूच्या तोंडातनं निघू दे. तिला तू म्होरं बसीव. पयल्या रांगेत.”

त्यानंतर मला कळलं की आप्पा आमच्या सोप्यात इतक्यांदा मरत आले, पण भिवाचं मरण त्यांनी तिथं कधी मरून बघितलं नव्हतं. आत तानूआक्का असायची. तिला आता दिसत नाही, नव्वदीला आली आहे, पण बोटांनी चाचपून अजून बिडीला दोरा बांधते. आप्पा कट्ट्यावर पडल्याचा आवाज आला की ती आतून विचारायची, “मेलास का रं मारत्या?”

“मेलो आक्का.”

“मग च्या पिऊन जा.”

यात्रेच्या दिवशी नाटक दुपारी चारला लागलं. हल्ली रात्री लाऊडस्पीकरची परवानगी मिळत नाही. त्यामुळं धवळगडाला भर उन्हात वेढा पडला. शिपायांच्या मिशा घामानं सुटत होत्या. मी तानूआक्काला हाताला धरून नेलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. ती धुतलेलं लुगडं नेसली होती. प्रत्येक वाक्याला मला विचारायची, “हे कोण बोललं?” मी कानात सांगायची.

पहिले तीन प्रवेश असे झाले की मला आप्पांचा अभिमान वाटला. घोंगड्यावरून भांडणाऱ्या पहारेकऱ्यांना लोक इतके हसले की नटांना थांबावं लागलं. ढालीच्या वाक्याला आधी हसू आलं आणि मग सगळं मैदान गार झालं. तानूआक्का म्हणाली, “गं बाई, हे तर आपल्या सोप्यातलं बोलणं.” मी कनातीच्या फटीतून बघितलं. आप्पा आत उभे होते. ओठ हलत होते.

मग शेवटचा प्रवेश आला. भिवा पडला. गावचा शिंपी मित्र झाला होता. त्यानं भरमूचं डोकं मांडीवर घेतलं. कुणी खोकलंसुद्धा नाही. पाच गावचं लोक, पण पाळण्यांचा आवाज तेवढा लांबून येत होता. मी तानूआक्काचा हात घट्ट धरला.

भरमूनं तोंड उघडलं आणि मिटलं.

नंतर तो रडत सांगत होता, “एवढं गप मी जन्मात ऐकलं न्हवतं. मला वाटलं लोक उठून चालले.” तो घाबरला आणि मागच्या वर्षीच्या नाटकातलं मरतानाचं भाषण त्याच्या तोंडी आलं. ते त्याला पाठ होतं आणि त्याला टाळी पडली होती. भरमू शिंप्याच्या मांडीवरून अर्धा उठला, हात वर केला आणि गरजला, “राजे विक्रमसेन! हा देह तुमच्या चरणी! माते, तुझा पुत्र रणात पडला, आता अश्रू ढाळू नकोस!”

आमच्या नाटकात विक्रमसेन कुणीच नाही. राजाच नाही, राणी आहे. शिंपी बिचारा प्रामाणिक. त्याला एकच वाक्य होतं. तो म्हणाला, “बोलू नको.” भरमू बोलतच राहिला. शिंपी पुन्हा म्हणाला, “बोलू नको.” तिसऱ्यांदा तर त्यानं भरमूच्या तोंडावर हातच ठेवला. पण तोवर शिट्ट्या सुरू झाल्या होत्या, फेटे उडत होते, आणि मेंबर स्टेजवर चढून भरमूला नारळ देत होते. धवळगडाचा शिपाई दुसऱ्याच राज्याच्या राजासाठी मेला, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

मी कनातीकडं बघितलं. आप्पा नव्हते.

“सरलं?” तानूआक्कानं विचारलं.

“सरलं, आक्का.”

“मारत्या कुठाय?”

मी म्हटलं, असतील इथंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिडीकामाला सुट्टी होती. शिळ्या यात्रेला कुणी वळायला बसत नाही. मी तेवढी भिजलेली पानं उन्हात टाकावीत म्हणून तानूआक्काकडं गेले. ती सोप्यात भिंतीला टेकून बसली होती. मी सूप घेऊन पानं निवडायला लागले, तेवढ्यात आप्पा आले. आज ते कट्ट्यावर बसले नाहीत. पायरीच्या खाली चप्पल काढून तिथंच उभे राहिले, रजेवरून आलेला शिपाई उभा राहावा तसे. त्यांचे डोळे सुजले होते.

“मारत्या हाय न्हवं?” तानूआक्का म्हणाली. पावलं ओळखते ती. “ये. लई चांगलं लिवलतास. ते घोंगड्याचं तर… माजी जाऊ आठवली मला. पण ते शेवटाला काय रं?”

आप्पांनी पायानं चप्पल बाजूला सारली.

“कोण मरताना एवढं बोलतंय? दम तर असाय पायजे.”

“ते मी लिवलेलं न्हवतं, आक्का.”

“मला वाटलंच. तसलं तू एकदाच लिवलंस.”

माझ्या हातातलं पान तसंच राहिलं. आप्पांनी खांब धरला.

“‘माते’ म्हणं,” तानूआक्का म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता, कौतुकानं सांगावं तसा होता. “माज्या किसनानं जन्मात मला ‘आये’च्या बिगर हाक मारली न्हाय. ‘अश्रू’ हा शबूद त्येला ठावं बी नसंल. मला त्याच दिवशी कळलं.”

“मग बोलली न्हाईस का, आक्का? एवढी वर्सं?”

“काय बोलू? केवढंसं पोरगं तू. हितंच हुबा हुतास. घाम फुटलावता. शबूद चुकंल म्हणून जीव खाली-वर हुईत हुता तुजा. मी म्हटलं, ऱ्हाऊ दे. एवढं पाठ करून आलंय.” तिनं लुगडं गुडघ्यावर सारखं केलं. “मग लोकांनी भितीवर लिवलं. मग आणि कसं बोलू?”

आप्पा खाली पायरीवर बसले. मी उठून जावं की बसावं, मला कळेना.

“खरं काय बोलला त्यो?” तानूआक्कानं विचारलं.

सात नाटकं लिहिणारा माणूस. शेकडो शिपायांना त्यांनी बोलायला शिकवलं होतं. पण ह्या एका वाक्याला किती वेळ लागला. तोंडातून आवाज फुटायच्या आधी दोनदा नुसता वारा आला.

“म्हणला… बुटाची नाडी सैल कर रं. पाय आवळतोय.”

तानूआक्कानं मान हलवली. जसं काही एखादी ओळखीची वस्तू हाताला लागली.

“केलास सैल?”

“न्हाय.”

“हं.”

“मी छातीवर कापूस दाबून धरलावतो, आक्का. रगत थांबना. आणि ह्यो पायाचं बोलतोय. मी खेकसलो त्येच्यावर. म्हणलो, गप बस.” आप्पांचा चेहरा वेडावाकडा झाला. “गप बस म्हणलो. आणि त्यो बसला.”

नाटकात त्यांनी ते ‘बोलू नको’ असं केलं होतं. खऱ्याचा एवढा आग्रह धरणाऱ्या माणसानं तेवढे दोनच शब्द मऊ करून घेतले होते.

शिळ्या यात्रेचा पिपाण्यांचा आवाज गल्लीत येत होता. तानूआक्काचा हात सवयीनं दोऱ्याचं रीळ शोधत होता. सापडलं, पण तिनं ते उचललं नाही.

“घट्ट बांधायची सवय मीच लावलेली त्येला,” ती म्हणाली. “बापाचं पायताण घालून शाळंला जायाचा. त्येच्या पायाला लई मोठं. मी सुतळीनं बांधून द्यायची. म्हणायची, घट्ट बांध, ओढ्यात व्हावून जाईल. रडायचा, आये दुखतंय म्हणून. मी म्हणायची, गप.”

आप्पा रडत होते. मी म्हाताऱ्या माणसाला इतकं रडताना कधी बघितलं नव्हतं. छातीवर हात नव्हता, ओठांवर वाक्य नव्हतं. तानूआक्कानं त्यांना थांबवलं नाही. त्यांचं रडणं ओसरेपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग अंदाजानं पुढं सरकली, हातानं चाचपत चाचपत पायरीपर्यंत आली, आणि त्यांच्या शेजारी बसली.

“आता हे झालं,” ती म्हणाली. “तेच्या आदी काय बोलला?”

“तेच्या आदी?”

“त्या दिवशी सकाळी. उठल्यावर. काय तरी बोलला असंल की दिवसभर.”

आप्पांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. “सकाळी… सकाळी भाताला शिव्या देत हुता.”

“का?”

“करपलावता भात. म्हणला, ह्येच्यापेक्षा आमच्या म्हशीचं आंबोण बरं.”

तानूआक्का हसली. दात नाहीत, त्यामुळं तिचं हसू सगळ्या तोंडभर होतं. “कुठली म्हस म्हणला? मोरी का कबरी?”

“मोरी. तिचं काय काय सांगायचा. शेपटी आखूड हुती म्हणं तिची.”

“व्हय! कुत्र्यानं तोडलावता गोंडा. ते सांगितलं त्येनं तुला? आणि काय सांगितलं?”

“आणि…” आप्पा आठवायला लागले.

मी सूप उचललं आणि भिंतीकडेनं हलकेच बाहेर पडले. पुढचं ऐकायचा हक्क माझा नव्हता. दुपारी भाकरी घेऊन गेले तेव्हाही पायरीवरून दोघांचा आवाज येत होता. मी ताट कट्ट्यावर झाकून ठेवलं आणि परत आले.